झाडं मोजून काय कळतं?

प्रश्न : आमच्या परिसंस्था अभ्यासदौऱ्यात वर्षावन आणि सवाना (विरळ झाडांचा गवताळ प्रदेश) दोन्ही आहेत. नुसती झाडांची मापं घेऊन काय शिकणार?

उत्तर : मापं घ्याच! खोडाची जाडी जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. वर्षावनात नेमकी तिथेच फळ्यांसारखी आधारमुळं आडवी येतात, टेप त्यांच्या वर न्यावा लागतो. शिडीवर तोल सांभाळताना कळतं, उथळ मुळांवर एवढं धूड कसं उभं राहतं ते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांत १ सेंटिमीटर जाडीपासूनची झाडं अशीच मोजली जातात.

सवानात मात्र आधी खाली बसा. गवत बाजूला सारलंत की काळवंडलेले खुंट दिसतील, बुडातून पुन्हा फुटलेले. उंचीवरून त्यांचं वय ठरवू नका. गुडघ्याएवढं रोप अनेक वणवे पाहिलेलं असू शकतं. वहीत पावसाबरोबर आग आणि चरणाऱ्या जनावरांच्या खुणाही टिपा.