‘औषधच नाही, मग तपासणी कशाला?’

‘मॅडम, डिमेन्शियावर औषध नाही म्हणतात. मग आईला उगाच कशाला घाबरवायचं?’ हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. या मुलानेही विचारला. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आई सत्तरीच्या. भिशीचा हिशेब कायम त्यांच्याकडे, पण हल्ली तो जुळेना. आमटीत दोनदा मीठ पडे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा येई. घरचे म्हणत, ‘वय झालं, चालायचंच.’

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. हातात बसलेलं रोजचं काम अडू लागलं, की ते वयावर ढकलू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त, यांनीही विसर पडतो आणि यांवर उपचार आहेत. तपासल्याशिवाय हे कळणार कसं? आईंचं बी-१२ खरोखरच कमी निघालं. इंजेक्शनांनी तरतरी आली, विस्मरण मात्र राहिलं. न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदूविकारतज्ज्ञांनी) निदान केलं: अल्झायमर्स, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, सुरुवातीचा टप्पा.

मुलगा खचला. आई म्हणाल्या, ‘मग बँकेचं आणि मृत्युपत्राचं आत्ताच उरकू. मला कळतंय तोवर.’ मला त्यांचं फार कौतुक वाटलं. वर्षभर उशीर झाला असता, तर हे निर्णय कदाचित दुसऱ्यांनी घेतले असते. शिवाय आजार बरा होत नसला, तरी लक्षणं काही काळ आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत.

मग मुलाने दबक्या आवाजात विचारलं, ‘मलाही होणार?’ आईला झाला म्हणून मुलाला होतोच असं नाही. धोका थोडा वाढतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, डोक्याला मार, एकटेपणा ही त्यातलीच. आणि ऐकू कमी येणं! चष्मा आपण बिनधास्त लावतो, कानाचं यंत्र मात्र लाजेने कपाटात ठेवतो. हे थांबायला हवं. या मुलाचा रक्तदाब वाढलेला होता, गोळ्या त्याने मनानेच बंद केल्या होत्या. त्या आता पुन्हा सुरू झाल्यात.

जवळ न्यूरॉलॉजिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाताना चालू असलेली सगळी औषधं आणि कोणता बदल कधीपासून दिसतोय याची टिपणं सोबत न्या. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.