जिमला घातलं की राग शांत होतो का?

"मॅडम, ह्याला जिमला घालू का, अंगातली रग तिकडेच जिरेल" हा प्रश्न आया विचारतात, बायकाही विचारतात. मागे एक तिशीतला मुलगा आलेला (ओळख पटेल असे तपशील बदललेत), बाहेर एकदम सालस, घरी मात्र चहा गार झाला, वायफाय गेलं एवढ्यावरून मोबाईल भिंतीवर, ताट खाली, आणि थोड्या वेळाने स्वतःच काचा गोळा करत रडणार. कारणाच्या मानाने फारच मोठे असे हे वारंवारचे भडके म्हणजे इंटरमिटंट एक्स्प्लोसिव्ह डिसऑर्डर, निदान सायकियाट्रिस्टनीच केलेलं. भावाने प्रेमाने गॅलरीत पंचिंग बॅग टांगून दिलेली, राग आला की ठोक! पण बॅग ठोकून आत आला की हा अजूनच पेटलेला.

यात नवल काही नाही. रागात छाती आधीच धडधडत असते, ठोसे मारून ती अजून धडधडते आणि डोक्यात तेच भांडण घोळत राहतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2024 मध्ये दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, त्यातही हेच निघालं, शरीर तापवून राग उतरत नाही, जॉगिंगने तर वाढूही शकतो, उतरतो तो संथ श्वास, ध्यान, योगा असल्या गोष्टींनी.

मग व्यायाम सोडायचा का? छे, फक्त रागाच्या वेळेपासून तोडायचा. आमचं ठरलं ते असं की सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास पुण्यातल्या तळजाई टेकडीवर भरभर चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा स्पीडने, आठवड्यातनं पाच दिवस (डब्ल्यूएचओ सांगते ती किमान 150 मिनिटं यात बसतात), भांडण झालेलं असो नसो. याने झोप सुधारली, आणि बरेचसे भडके जागरणाच्या दुसऱ्या दिवशीचेच असायचे हे बायकोच्या नोंदींत दिसतच होतं. भडका येतोय तेव्हा मात्र व्यायाम नाही, कानशिलं तापली की "आलोच" म्हणून बाहेर, जिन्यात बसून श्वास हळूहळू, लांब सोडायचा. आणि बायकोने तेव्हा मागे जायचं नाही, "आता का पळतोस, बोल ना" तर मुळीच नाही.

भडके थांबले नाहीत हं, कमी झाले, आणि ते काही एकट्या चालण्याने नाही, सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) सेशन्स आणि गोळी चालूच होती. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानेच बंद करायला निघाला होता, बायकोने वेळीच फोन केला म्हणून बरं. हात उचलला जात असेल तर टेकडीबिकडी नंतर, आधी घरच्यांची सुरक्षितता आणि सायकियाट्रिस्ट, आणि लगेच कुणी मिळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फ्री आहे, मराठीतही बोलतात.