जुन्या बोटीतल्या संडासाचा वास फिनाइल टाकूनही जात नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बोट जुनी घेतली आहे, आठवडाभर बंद असते, रविवारी केबिनचं दार उघडलं की भपकारा येतो आणि घरची मंडळी पुन्हा बोटीवर यायला तयार नाहीत. आधी फिनाइल बंद करा. पांढऱ्या फिनाइलमध्ये पाइन तेल असतं, त्याने संडासाच्या हातपंपातली रबरं फुगतात. वास जागेवर राहतो आणि वर पंपाचं काम निघतं.

मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. बोटींच्या इंजिनांची, पंपांची कामं करतो. वास कुठून येतोय हे न शोधताच लोक भांडं घासत बसतात. दोष भांड्यात क्वचितच सापडतो.

सडक्या अंड्यांसारखा वास असेल आणि तो पहिला पंप मारताच येत असेल, तर तो मैल्याचा नाही, खाऱ्या पाण्याचा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं. शिवाय आपल्या खाडीचं पाणी आत येतं ते गाळ आणि बारीक जीव घेऊनच. बंद पाइपात ते मरतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. म्हणून बोट बंद करताना शेवटचं पाणी गोडं हवं. नुसती भांड्यात बादली ओतून भागत नाही, कारण खारं पाणी आणणारा पाइप भरलेलाच राहतो. सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा नळ, बंद करा, पाइपाचं तिथलं टोक काढून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पंप मारा. आधी सी-कॉक, मग पाइप. हा क्रम चुकला तर बोटीत पाणी भरतं.

जुन्या मुतारीसारखा दर्प सतत येत असेल तर मैला नेणारा पाइप तपासा. एका बोटीवर मालकाने भांडं बदललं, पंप बदलला, तरी वास तसाच. पाइप बाहेरून पांढरा स्वच्छ होता, कुठे थेंबाची गळती नाही. मी टॉवेल कढत पाण्यात पिळून त्या पाइपाभोवती गुंडाळला, दहा मिनिटांनी काढला आणि वर धक्क्यावर वाऱ्यात नेऊन मालकाच्या हातात दिला. नाकाजवळ नेताच त्यांनी मान फिरवली. वास पाइपाच्या अंगातूनच झिरपत होता. कापला तेव्हा आत खाराचा इतका जाड थर होता की दीड इंची पाइपात माझा अंगठाही जाईना.

असा पाइप धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो. संडासासाठीच बनवलेला जाड होज घ्या, साधा पाण्याचा पाइप सहा महिन्यांत वास मारतो. बसवताना कुठेही झोळ पडू देऊ नका, कारण झोळात मैला साचतो आणि झिरपणं तिथूनच सुरू होतं. पंपही पुरता मारा. दीड इंची पाइपात मीटरला १ लिटरहून जास्त पाणी मावतं. तीन मीटर पाइप असेल आणि चार-पाच हिसके मारून सोडून दिलं, तर सगळं मध्येच राहतं.

पंपाच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखा एक रबरी व्हॉल्व्ह असतो. चोच मिटेनाशी झाली की घाण पाणी भांड्यात परत येतं. तो वर्षातून एकदा बदला, स्वस्त असतो. खार धरू नये म्हणून आठवड्याला पेलाभर पांढरं व्हिनेगर रात्रभर राहू द्या. त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

तुमच्या बोटीला मैल्याची टाकी असेल तर तिची हवेची नळी बघा. टाकीला हवा मिळाली तर कमी वास करणारे जिवाणू काम करतात, हवा तुटली की सडणं सुरू होतं. पावसाळ्यानंतर उघडलेल्या एका नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं मला सापडलं. तार घालून मोकळी केली, गोड्या पाण्याने धुतली. त्या बोटीचं एवढंच दुखणं होतं. टाकी उघडताना मात्र केबिनच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवा. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा तो हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका.

आणि एक कळकळीची विनंती. टाकी खाडीत सोडू नका, ओहोटी असली तरी नाही. ओहोटीने गेलेलं भरतीबरोबर बरंचसं परत येतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ साली ते रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या वाडीतल्या बाया गुडघाभर चिखलात शिरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरतात. आजही धरतात. मैला उपसणारी गाडी धक्क्यावर बोलावून टाकी रिकामी करून घ्या.