हळदीच्या कॅप्सूल आणि केशर घेऊन डिप्रेशनची गोळी बंद करता येईल का?

तुमची एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी चालू आहे आणि ती सोडून हळद-केशरावर यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. परस्पर सोडू नका. मी हा उद्योग करून बसलोय. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी थांबवली आणि चौथ्या दिवशी दादरच्या पुलावर मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखा झटका. रेलिंग धरून उभा राहिलो, मागची गर्दी शिव्या घालत पुढे गेली.

हळदीतलं कर्क्युमिन अगदीच थोतांड नाही. लहान चाचण्यांत थोडाफार फायदा दिसलाय, पण तिथे रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम देतात. हळदीत ते वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात ९० मिलिग्रॅम. पाचशे गाठायला रोज पाच-सहा चमचे हळद! आमच्या आईच्या दुधात पाव चमचा असते. शिवाय पोटात गेलेलं रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून कॅप्सूलवाले मिरीतलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की २० मिलिग्रॅम पायपरिनने कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. गोम इथेच आहे. औषधं मोडणारी यकृतातली काही एन्झाइम्स पायपरिन अडवतं, त्यामुळे तुमच्या बाकीच्या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

केशराची बाजू त्यातल्या त्यात बरी. तेहरानमध्ये २००५ साली रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्याच गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण रुग्ण ४०, मुदत सहा आठवडे आणि आजार सौम्य ते मध्यम. श्रीखंडातल्या चार काड्यांवर तो हिशोब लावू नका. आणि ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतीचं औषध तुमच्या गोळीबरोबर अजिबात नको, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक वाढू शकतं.

मला स्वतःला एकेका कॅप्सूलपेक्षा अख्खं ताट सुधारणं जास्त पटतं. ऑस्ट्रेलियात ६७ जणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, २०१७ साली छापून आला. भाज्या, कडधान्यं, फळं, मासे असा आहार घेतलेल्यांपैकी ३२ टक्के जण डिप्रेशनमधून बाहेर आले, नुसत्या गप्पांच्या सोबतीच्या गटात ८ टक्के. बहुतेकांचे उपचार चालूच होते, हे मात्र विसरू नका. आपल्याकडे मटकीची उसळ, पालेभाजी, बांगडा आहेच की.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर १४४१६ लावा, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. आणि कॅप्सूलची बाटली डॉक्टरांकडे घेऊन जा. माझ्या बाटलीवर पायपरिन इतक्या बारीक अक्षरात होतं, की डॉक्टरांनीच चष्मा वर करून वाचलं.