क्वांटमच्या मुळाशी जायचंय, पण पोट कशावर भरणार?

प्रश्न : आम्ही बार्शीला राहतो, मी पतसंस्थेत नोकरीला आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय, मार्कही चांगले आहेत. दिवाळीपासून तिने एकच धरून ठेवलंय : इंजिनिअरिंग नको, ‘क्वांटम फाउंडेशन्स’मध्ये थिअरेटिकल फिजिसिस्ट व्हायचंय. क्लासचे सर म्हणतात, आधी कॉम्प्युटरची डिग्री घे, मग काय ते कर. ही माणसं नेमकं करतात काय, यात पगार मिळतो का, आणि क्लासचा दुसरा हप्ता भरू की नको? – एक वडील

उत्तर : नमस्कार. हप्त्याचा प्रश्न सगळ्यात सोपा, तो शेवटी घेतो.

क्वांटम यांत्रिकीची गणितं जवळपास शंभर वर्षं बिनचूक उत्तरं देताहेत. मोबाईलमधली चिप त्याच गणितांवर उभी आहे. पण त्यांचा अर्थ काय, मोजण्याआधी इलेक्ट्रॉनला ठराविक जागा असते की नसते, मोजमाप होतं तेव्हा नक्की काय घडतं, यावर फिजिक्सवाल्यांचं आजही एकमत नाही. आइन्स्टाइनने १९३५ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन हाच वाद उकरून काढला होता. तो निकाली काढायला बसलेले ते फाउंडेशन्सवाले. त्यांचा दिवस फळा, कागद आणि थोडंफार पायथन यात जातो. सकाळी अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर ‘क्वांट-पीएच’ म्हणजे क्वांटम विभागात नवं काय आलं ते चाळायचं, आणि प्रयोग करणाऱ्यांचं डोकं खायचं.

आता पगार. अडचण अशी की या नावाच्या खुर्च्या जगातच फार थोड्या आहेत. ज्यांनी हा विषय घडवला त्यांतल्या बऱ्याच जणांचा पगार दुसऱ्याच कामाचा होता. जॉन बेल जिनिव्हाच्या ‘सर्न’मध्ये कणभौतिकी आणि त्वरकांवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रांवर) काम करत. ज्या प्रमेयावर आज हा विषय उभा आहे, ते त्यांनी १९६४ मध्ये रजा घेऊन अमेरिकेत गेले असताना लिहिलं. ते सांगतं : कणांचे गुण मोजण्याआधीच ठरलेले असतील आणि दूरच्या मोजमापाचा त्यांच्यावर परिणाम होत नसेल, तर निकाल किती जुळतील याला एक मर्यादा असते. छापलं एका नवख्या नियतकालिकात, कारण तिथे लेखकाला छपाईचे पैसे मोजावे लागत नव्हते. ते नियतकालिक पुढे काही वर्षांतच बंद पडलं! जॉन क्लाउझर यांनी स्टुअर्ट फ्रीडमन यांच्याबरोबर १९७२ मध्ये बर्कलीत त्या प्रमेयाची पहिली प्रायोगिक कसोटी घेतली. त्यानंतर विद्यापीठात कायमची प्राध्यापकी त्यांच्या वाट्याला आली नाही. नोबेल मिळालं २०२२ मध्ये, म्हणजे ५० वर्षांनी. फ्रीडमन तोवर हयात नव्हते. आणि ‘अनेक विश्वां’ची कल्पना मांडणारे ह्यू एव्हरेट डॉक्टरेटच्या सुमारासच पेंटागॉनच्या नोकरीत गेले, ते परत आलेच नाहीत.

ही उदाहरणं लेकीला घाबरवायला दिलेली नाहीत. उलट ती तिला वाचून दाखवा. यातून मला दिसतं ते एवढंच, की या गावाला थेट एसटी नाही, शेजारच्या गावी उतरून चालत जावं लागतं. अनुपम गर्ग यांच्यासोबत १९८५ मध्ये या विषयातली एक महत्त्वाची असमानता (निकालांना घातलेली अशीच एक गणिती मर्यादा) मांडणारे अँथनी लेगेट यांना नोबेल मिळालं ते अतिप्रवाही हेलियमच्या कामासाठी. त्याच असमानतेची काटेकोर चाचणी अलीकडे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत झाली, तीही क्वांटम ऑप्टिक्सच्या प्रयोगशाळेत. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) काम केलेले तेजिंदर पाल सिंग गुरुत्वाकर्षणातून या प्रश्नाकडे आले.

तुमच्या मुलीसाठी आजची शेजारची गावं म्हणजे क्वांटम इन्फर्मेशन (क्वांटमचे नियम वापरून माहिती साठवणं, पाठवणं) आणि क्वांटम ऑप्टिक्स (प्रकाशकणांवरचे प्रयोग). प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था हे इन्फर्मेशनसाठी चांगलं ठिकाण आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्याचं सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे. हा पैसा उपकरणांसाठी आहे, तत्त्वचर्चेसाठी नाही, हे तिला स्पष्ट सांगा. पण बेलच्या असमानतेवर, म्हणजे त्यांच्या प्रमेयातल्या मर्यादेवर, १९९१ मध्ये आर्टुर एकर्ट यांनी गुप्त संदेशांची पद्धत उभी केली, तेव्हापासून मुळातलं ज्याला कळतं त्याला उपकरणवालेही विचारायला लागले.

वर्षांचा हिशेब मात्र घरात एकदा कागदावर मांडा. आयसरचा (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचा) पाच वर्षांचा बीएस-एमएस, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग दोन-दोन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या), त्यातली एखादी बहुतेक परदेशात. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडलेली असते, आणि ती लागेलच याची हमी कुणी देत नाही. पीएचडीत उपाशी राहावं लागत नाही : जेआरएफ या सुरुवातीच्या संशोधनवृत्तीला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे वरिष्ठ वृत्ती झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. तुमचा खर्च खरा पहिल्या पाच वर्षांचा. त्यामुळे घराचं कर्ज किंवा धाकट्याचं शिक्षण तिच्या पगारावर अवलंबून असेल, तर ते तिला आत्ताच सांगा. आणि ‘मुलीचं लग्न कधी’ हा प्रश्न या वर्षांत दर दिवाळीला येणार. त्याचं उत्तर तिने नाही, तुम्ही द्यायचं.

‘आधी कॉम्प्युटर’ हा सल्ला मीही एकाला दिला होता. त्याने ऐकलं, कॅम्पसमधून नोकरीला लागला आणि तीन वर्षांनी जेस्ट ही फिजिक्स पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायला बसला, तेव्हा क्वांटम मेकॅनिक्स पहिल्यापासून शिकावं लागलं. बीटेक करून फिजिक्सच्या पीएचडीला जाता येतं, जातातही. पण पगाराची सवय लागली की परतीचं तिकीट महाग पडतं. त्यापेक्षा आयसर, किंवा नेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था, नाहीतर मुंबईत कालिन्याचं सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस. नाहीच जमलं तर चांगल्या कॉलेजात बीएस्सी आणि मग एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, यात कमीपणा काही नाही. कोडिंग तिने शिकायचंच, डिग्री मात्र फिजिक्सची घ्यायची.

तिला विषय आवडतो की विषयावरचे व्हिडिओ, हे कसं ओळखायचं? तिला एक कोडं घाला. वर्गात चष्मा असलेली पण सायकल नसलेली मुलं, अधिक सायकल असलेली पण डबा न आणणारी मुलं, ही बेरीज चष्मा असलेल्या आणि डबा न आणणाऱ्या मुलांपेक्षा कमी कधीच भरणार नाही. हे सिद्ध करून दाखव म्हणावं, दहा ओळींचं काम आहे. मग तिला सांगा, की प्रकाशाच्या जोडकणांची अशीच मोजणी केली, तर एका बाजूचा ध्रुवक (प्रकाश गाळणारी पोलरॉइडसारखी काच) दुसऱ्याच्या तुलनेत ३० अंशांनी फिरवल्यावर २५ टक्के निकाल जुळत नाहीत आणि दुप्पट, म्हणजे ६० अंशांनी फिरवल्यावर ७५ टक्के. २५ आणि २५ मिळून ७५ कसे होतील? या आकड्यांवर ती रात्री जेवण विसरून वही घेऊन बसली, तर तिला अडवू नका. ‘मग मल्टिव्हर्स (अनेक विश्वं) खरं आहे का?’ एवढंच विचारून फोनकडे वळली, तर वर्षभर थांबून पुन्हा बोलू. तेव्हा लिनिअर अल्जिब्रा सुरू करायला सांगा, पुढे रोज लागणार तेच.

आता हप्ता. भरा. जेईईचं गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आयसरच्या आयएटी या प्रवेश परीक्षेला तसंच चालतं. फक्त त्या परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न बायोलॉजीचे असतात आणि ते मार्क धरले जातात. तिने अकरावीला बायो सोडलं असेल, तर एनसीईआरटीची दोन्ही वर्षांची पुस्तकं याच आठवड्यात घरी आणा.