सॉफ्टबॉलसाठी शिक्षण थांबवावं का?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी सतरा वर्षांची आहे, पाच वर्षं सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच, पण खालून हात फिरवून चेंडू टाकण्याचा खेळ) खेळते आहे आणि संघाची मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आहे. दोन वर्षं शिक्षण थांबवून पूर्ण वेळ सराव केला तर ती खूप वर जाईल, असं तिचे प्रशिक्षक म्हणतात. तुमच्या भावाने बेसबॉलपटू रिंकू सिंगचं (क्रिकेटपटू नव्हे) उदाहरण देऊन त्यांना दुजोरा दिला. तुम्ही मला विचारलंत, ‘हौशी खेळाडू या खेळात खरोखर कुठवर पोचतात?’ आणि अगदी शेवटच्या ओळीत, हल्ली तिचा खांदा दुखतो, हेही लिहिलंत.

शिक्षण थांबवू नका. खेळ मात्र जोरात चालू राहू दे. हे मी बोटचेपेपणाने सांगत नाही. सॉफ्टबॉलमध्ये वर जाणारी वाट बहुतेक ठिकाणी शिक्षणातून किंवा नोकरीतूनच जाते, म्हणून सांगते.

डॉट रिचर्डसनचंच बघा. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या या शॉर्टस्टॉपने (आतल्या फळीतल्या क्षेत्ररक्षकाने) होम रन, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर धाडणारा फटका, मारला आणि तिच्या संघाला सुवर्णपदक मिळालं. तेव्हा ती ३४ वर्षांची होती आणि हाडांची शल्यविशारद होण्याचं प्रशिक्षण घेत होती. त्या कामातून रजा काढून ती खेळायला आली होती. २००० साली सिडनीतही तिने सुवर्ण जिंकलं. मेडिकलचा अभ्यास सांभाळत एक बाई या खेळाच्या सर्वोच्च जागी पोचली, हे तुमच्या लेकीला जरूर सांगा.

लिसा फर्नांडिस आणि जेनी फिंच या दोन मोठ्या पिचर. दोघी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांतून घडल्या. तिथे राष्ट्रीय संघासाठी खेळाडू हेरणारे लोक विद्यापीठांच्या स्पर्धांवरच डोळा ठेवून असतात. जपानमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे कंपन्यांचे संघ असतात आणि खेळाडू त्या कंपनीच्या पगारावर असतात. युकिको उएनो ही पिचर शाळा संपल्यावर अशाच संघात गेली. २००८ साली बीजिंगमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. नंतर २०२१ मध्ये, टोकियोत, वयाच्या ३९व्या वर्षी पुन्हा जिंकलं.

या दोन सुवर्णांमध्ये १३ वर्षं गेली, कारण २००८ नंतर सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमधून काढून टाकला होता. टोकियोत तो परत आला, २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे आणि तिथे फक्त सहा संघ असतील. त्या १३ वर्षांत पंचविशीतल्या किती गुणी मुली ऑलिम्पिक न खेळताच निवृत्त झाल्या असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. त्यांच्या हातात शिक्षण किंवा नोकरी होती की नाही, यावर त्यांचं पुढचं आयुष्य ठरलं असणार. ‘२०२८ साठी आत्ताच शिक्षण सोडा’ असं कुणी म्हणत असेल, तर हा इतिहास त्याच्यापुढे ठेवा.

आता भाऊंच्या उदाहरणाबद्दल. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू. २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने त्यांच्याशी करार केला. बेसबॉल हातात धरून फार दिवस झाले नव्हते, तरी हे घडलं. ही मोठीच गोष्ट आहे, तिचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्यांच्यापैकी कुणीही मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेपर्यंत, पोचलं नाही. रिंकू तिच्या खालच्या मायनर लीगमध्ये सिंगल-ए या पायरीपर्यंत चढला. त्याच्या वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा आणखी तीन पायऱ्या असतात. शिवाय पुरुषांच्या बेसबॉलमध्ये खेळाडूला पगार देणारी ही अख्खी उतरंड आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये एवढ्या पायऱ्यांची उतरंड नाही, त्यामुळे हे उदाहरण तुमच्या घरच्या निर्णयाला लागू पडत नाही.

बेसबॉलमधल्या हौशींचं माझं आवडतं उदाहरण वेगळंच आहे. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या स्पर्धेत चेक प्रजासत्ताकाचा संघ पहिल्यांदा खेळला. त्यांचा व्यवस्थापक मेंदूविकारतज्ज्ञ होता आणि ओंद्रेई सातोरिया हा पिचर इलेक्ट्रिशियन. जगातला सर्वांत मोठा बेसबॉलपटू शोहेई ओहतानी समोर उभा असताना या सातोरियाने त्याला बाद केलं, तेही ताशी जेमतेम ११५ किलोमीटरच्या चेंडूवर! सामना जपानने १०-२ असा जिंकला. पण चेक संघाने त्याच स्पर्धेत चीनला हरवलं होतं. नोकरी करून, संध्याकाळी सराव करून माणसं तिथवर गेली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की हौशी खेळाडू थेट ऑलिम्पिक सुवर्णापर्यंत पोचले आहेत, पण संख्येने फार थोडे. अमेरिकेत शाळेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळणाऱ्या शंभरातली पाच-सात मुलं विद्यापीठाच्या संघापर्यंत जातात. उरलेली मुलं वाया गेली असं मी मुळीच मानत नाही. त्यांतून प्रशिक्षक होतात, पंच होतात, फिजिओथेरपिस्ट होतात, आकडेवारीचे विश्लेषक होतात. बिल जेम्स एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. बेसबॉलच्या आकड्यांवर लिहीत राहिला आणि २००३ साली बोस्टन रेड सॉक्सने त्याला सल्लागार म्हणून घेतलं. तुमच्या मुलीला गणित आवडतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

प्रशिक्षकांना भेटा, मुलीला सोबत न्या, आणि शांतपणे विचारा: या दोन वर्षांत ती नेमकी कोणत्या स्पर्धा खेळणार? त्यांच्या हाताखालच्या आधीच्या मुली आज कुठे आहेत? ती जायबंदी झाली तर तिचं काय? ‘खूप वर’ म्हणजे कोणता संघ, हे नाव घेऊन सांगता येतं का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. आणि चेंडूचा वेग स्पीड गनवर मोजून घ्या. चांगल्या विद्यापीठ पातळीवरच्या पिचर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास आणि पुढे टाकतात. पिचिंगचं अंतर फक्त ४३ फूट असल्याने बॅटरला साधारण ०.४ सेकंद मिळतात, म्हणजे बेसबॉलमधल्या अतिवेगवान चेंडूइतकेच. वेग थोडा कमी असला तरी घाबरू नका. वेग बदलून टाकता येणं, ड्रॉप (खाली पडणारा चेंडू) आणि राइज (वर उसळल्यासारखा चेंडू) हाताला बसणं, यालाही तेवढंच वजन असतं.

राहिला खांदा. माझी खरी काळजी ती आहे. खालून हात फिरवून चेंडू टाकला की खांद्याला त्रास होत नाही, असा एक समज मैदानावर फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. हात असा गोल फिरवून टाकण्याच्या या विंडमिल पिचिंगमध्ये खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा ताण येतो. उएनोचे ते ४१३ चेंडू एका २६ वर्षांच्या खेळाडूने ऑलिम्पिकच्या शेवटच्या दोन दिवसांत टाकले होते, वाढत्या वयाच्या मुलीचा आठवडा तसा असू नये. संघात दुसरी पिचर नसेल तर प्रशिक्षकांनी ती तयार करायला हवी. क्रीडा दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. ते होईपर्यंत तिला पिचिंग करू देऊ नका. बॅटिंगला उभं राहायचं की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारा.

आठवड्याला ती किती सामन्यांत पिचिंग करते आणि एका सामन्यात किती चेंडू टाकते, हे तिला वहीत लिहून ठेवायला सांगा. डॉक्टरांना भेटून झालं की ती वही समोर ठेवून मला लिहा. आणि पुढचं पत्र शक्यतो तिनेच लिहावं, मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

आपली,
करिअर मार्गदर्शक