दहा हजार तास सराव केला की माणूस तज्ज्ञ होतोच का?

एका वाचकाने हे विचारलंय, म्हणून त्यांनाच उत्तर देते. रोज तीन तास कोडिंग केलं तर साधारण नऊ वर्षांत दहा हजार तास भरतील, हा तुमचा हिशेब बरोबर आहे. 'मग मी तज्ज्ञ होणारच ना?' याचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. आणि ज्यांच्या पुस्तकामुळे हा दहा हजार तासांचा नियम गाजला, त्या लेखक मॅल्कम ग्लॅडवेल यांनीच हे नंतर सांगितलंय. शंभर वर्षं बुद्धिबळ खेळलो तरी मी ग्रँडमास्टर होणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते.

तो आकडा मुळात त्यांचा नाहीच. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला, तो 1993 साली छापून आला. सर्वांत चांगल्या दहा जणांचा एकट्याने केलेला रियाज विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता. सरासरी! त्यातल्या निम्म्यांचे तेवढे तास भरलेही नव्हते, हे एरिक्सन यांनी पुढे स्वतः लिहिलं. शिवाय ती मुलं तेव्हा विद्यार्थीच होती, उस्ताद नव्हे. 2008 साली ग्लॅडवेल यांचं 'आउटलायर्स' हे पुस्तक आलं आणि या सरासरीचा नियम झाला. बीटल्स हा बँड जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवायचा, तेही याच खात्यात जमा झालं. आता रियाज वेगळा आणि कार्यक्रम वेगळा, हे आपल्याकडे तबल्याच्या क्लासला जाणारं पोरही सांगेल. एरिक्सन यांचा सगळा भर गुरू समोर बसून चूक दाखवतो आणि तीच जागा पुन्हा पुन्हा घासून घेतो, त्या सरावावर होता. तास हे त्याचं नुसतं मोजमाप.

मला जास्त खटकतं ते आपल्याकडचे प्रेरणादायी वक्ते या पुस्तकाचं जे करतात ते. 'मेहनत करा, यश तुमचंच' हे सांगायला ते ग्लॅडवेलना साक्षीला उभं करतात. पुस्तक जवळजवळ उलटं बोलतं. 1968 साली बिल गेट्स आठवीत होते तेव्हा त्यांच्या सिएटलच्या शाळेत काँप्युटर टर्मिनल आलं, कारण तिथल्या विद्यार्थ्यांच्या आईंच्या मंडळाने जुन्या सामानाची विक्री करून पैसे जमवले होते. मेहनत गेट्स यांनी केलीच, पण मेहनत करायला यंत्र समोर होतं. हे भाषणात कोणी सांगत नाही.

माझ्या मते पुस्तकातला सर्वांत चांगला भाग पहिलाच आहे, कॅनडातल्या आइस हॉकीचा. तिथे वयोगट ठरवायची तारीख 1 जानेवारी. वरच्या दर्जाच्या संघांत पाहिलं तर साधारण 40 टक्के खेळाडू जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले जेमतेम 10 टक्के. नऊ-दहा वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे अंगापिंडाने केवढा तरी फरक. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो.

हे वाचून मी हसले नाही, कारण माझा मुलगा 27 डिसेंबरचा. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी वय 31 डिसेंबरला मोजतात, म्हणजे वर्गात सर्वांत लहान तोच. पालकसभेत बाई म्हणाल्या, "लिहायला जरा मंद आहे हो." घरी येऊन मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चाळल्या. गॅदरिंगला 'हुशार' म्हणून पुढे केलेल्या पाच मुलांपैकी चार जानेवारी ते एप्रिलमधली निघाली. पाच मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्या रात्री झोप बरी लागली.

हीच ग्लॅडवेल यांची ताकद आणि हाच धोकाही. गोष्ट इतकी चपखल सांगतात की पुरावा विचारायचं राहून जातं. न्यूयॉर्कमधली गुन्हेगारी किरकोळ गुन्ह्यांवर कडक झाल्यामुळे घटली, हे 2000 सालच्या पुस्तकात त्यांनी असंच पटवलं होतं. 2024 मध्ये मात्र ते चुकलं म्हणून मोकळेपणाने कबूल केलं. एवढं किती लेखक करतात?

तर तीन तास जरूर बसा. फक्त तुम्ही लिहिलेला कोड वाचून 'हे असं का केलंस?' असं विचारणारं कोणी आहे का, ते तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही. ऑफिसात एखादे सीनियर असतील तर आठवड्यातून एक तास त्यांचा मागा.